खुलाशातली वीज

भवानी पेठेतल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये माझी धाकटी बहीण तंत्रज्ञ आहे. तिथे काम करणाऱ्याने छातीवर एक छोटा बॅज लावायचा असतो. अंगावर किती किरण पडले, हे त्यावरून कळतं. दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो आणि आकडा परत येतो. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा आकडा नेहमीपेक्षा बराच जास्त आला. सोबत पत्र होतं: किरण खरंच तिच्या अंगावर पडले की नुसत्या बॅजवर, याचा लेखी खुलासा करा. तिला तेव्हा चौथा महिना होता.

सेंटरच्या डॉक्टरांचं उत्तर तयार होतं. "वीज. समोरच्या टॉवरवर पडली होती ना? गडगडाटी ढगांतून गॅमा किरण निघतात. सिद्ध झालंय ते."

मशीन त्यांचं, खोली त्यांची आणि दोष आभाळाचा. मी बातमीदार; या धंद्यात असं सोयीचं उत्तर आलं की आधी देणाऱ्याकडे बघायची सवय लागते.

तपासलं तर डॉक्टर खोटं बोलत नव्हते. वादळी ढगातलं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देतं. ते हवेतल्या अणूंजवळून जाताना गॅमा किरणांचा झोत निघतो. तो डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. बहुतेक झोत वर, अवकाशाकडे जातात आणि उपग्रहांना दिसतात. काही जमिनीवरही नोंदले गेले आहेत. या विषयातल्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, "अशक्य म्हणत नाही. पण पेठेतल्या एकाच बॅजवर एवढं? आधी खोली बघा."

बहिणीच्या सासूबाई माढ्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांचा संशय मशीनवर होता, थोडा डॉक्टरांवर, थोडा माझ्यावरही.

"पाव्हणं, इजेनं आमची मेंढरं मेल्यात. पर इजेचा कागुद कवा आला न्हाय." मग सुनेकडे न बघता, "पोटात हाय तवर घरात बसावं की."

दुसऱ्या दिवशी मी बहिणीसोबत सेंटरवर गेलो. गुडघ्याचा फोटो काढायला एक आजोबा आले होते. त्यांना टेबलावर झोपवून ती जाड काचेच्या आड आली आणि बटण दाबलं. तिच्या छातीवर बॅज नव्हता.

"बॅज कुठंय?"

"अॅप्रनला. शिशाचा अॅप्रन. पेशंटला धरावं लागलं तरच घालते."

"आणि अॅप्रन?"

तिने काचेतून आत पाहिलं. अॅप्रन टेबलामागच्या खुंटीवर लटकत होता, बॅज दर्शनी बाजूला. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल आली, तेव्हा डॉक्टरांनी खुंटी आत हलवली होती.

डॉक्टर दारातच उभे होते. "म्हणजे आपण अॅप्रनचेच फोटो काढत होतो की."

ते आत येऊन संगणकासमोर बसले.

खुलासा त्यांनी तिथेच टाइप केला. खुंटी, अॅप्रन, बॅज, सगळं नीट लिहिलं. शेवटी एक ओळ होती: या काळात परिसरात विजांचा कडकडाट झाला होता.

"सर, ही ओळ काढा," बहीण म्हणाली.

"राहू दे की. खोटं आहे का?"

"खोटं नाही. म्हणून तर तेवढीच वाचतील."

डॉक्टरांनी ओळ पुसली.

पुढचा बॅज छातीवरच राहिला आणि आकडा नेहमीसारखा आला. सासूबाईंनी तो ऐकून घेतला.

"ह्यो बरा आला. मागचा कुटं गेला मग?"

"तो अॅप्रनला लागला होता, आई."

"अॅप्रनला दिवस गेल्यात व्हय?" त्या म्हणाल्या. तरी तिचा डबा त्यांनीच भरून दारापाशी ठेवला.