भागीबाईला सासरा नव्हता

पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी हारांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, वर गोणपाटाचं छत आणि फळीमागे मांडी घालून बसलेली भागीबाई. रोजची देवाची फुलं मी तिच्याकडूनच घ्यायचे. तिची हकिकत अर्धी तिच्या तोंडून ऐकलेली आहे आणि अर्धी मी डोळ्यांनी पाहिली आहे, तेव्हा पदरचं काही घालायची मला गरज नाही.

भागी जन्मली गिरणाऱ्याला, मूळ नक्षत्रावर. मूळ हे धनु राशीतलं पहिलं नक्षत्र. मुळ्यांची जुडी ही त्याची खूण, गण राक्षसाचा, आणि देवता निर्ऋती, म्हणजे मोडतोडीचीच देवी. मुळावरचं माणूस हट्टी, तोंडाचं सरळ, एखादी गोष्ट धरली की तळ लागेपर्यंत न सोडणारं, आणि जन्मगावी न टिकणारं, असं जोशी सांगतात. एवढ्यावर भागलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण मूळ बापाला वाईट, आणि मुलगी असली तर पुढे सासऱ्याला वाईट. बापाने मुळाची शांत करून घेतली, आणि ती होईपर्यंत लेकीचं तोंड पाहिलं नाही. पाहिलं तेही आधी तुपाच्या वाटीत.

इतकं सगळं रीतसर करून त्या भल्या माणसाने एक घोटाळा केलाच. जोशाने अक्षर काढून दिलं 'भा', म्हणजे मुळाचंच. शहाणी माणसं असलं नाव पाळण्यात कानात सांगतात आणि हाक मारायला दुसरं ठेवतात. याने पोरीला गावभर भागी म्हणायला सुरुवात केली. पुढे बघायला येणारे नाव विचारायचे, ही सांगायची, आणि सोबत आलेला जोशी बोटांवर मोजून हळूच घसा खाकरायचा. पोहे खाऊन माणसं उठायची. पोरगी कामाला वाघीण, नाकीडोळी नीटस, पण सासरा जिवंत असलेल्या कोणत्याही घरात तिला जागा नव्हती.

अशा वेळी आक्काबाईचं स्थळ आलं. आक्काबाई आमच्या गल्लीतली माळीण. तिचा नवरा, फाटक्या कानाचा बहिरू, मागच्याच्या मागल्या सिंहस्थात बैराग्यांच्या जमातीबरोबर निघून गेला होता. मुलगा खंडू तेव्हा रांगत होता. आक्काबाईने पुढच्या सिंहस्थापर्यंत वाट पाहिली. बैरागी आले, त्यांत बहिरू नव्हता. मग बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचं करतात ते तिने केलं. पळसाच्या पानांचा पुतळा, त्याला नारळाचं डोकं, गंगेवर अग्नी आणि पुढचं सगळं. कुंकू पुसलं आणि ती फळीमागे जाऊन बसली.

"सासराच नाय, मंग मूळ बाधंल कुणाला?" असं म्हणून तिने भागीला खंडूसाठी करून घेतलं. भागीच्या बापाला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

सून आली आणि दुकान वर आलं. भागी गिऱ्हाइकाला शिळं फूल देत नसे आणि घासाघीसही करू देत नसे. सासू-सुना भांडायच्या, पण एका ताटात जेवायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग बत्तीस सालचा सिंहस्थ आला.

दुपारची वेळ होती. पाय सुजलेला एक म्हातारा बैरागी फळीला टेकला आणि त्याने पाणी मागितलं. भागीने तांब्या दिला. पाणी पिऊन तो विचारू लागला, "हितं आक्का माळीण राहायची, हाय का ती?" आतून आक्काबाई आली. तिने त्याच्या फाटक्या कानाकडे पाहिलं, आणि तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

बहिरूला ओट्यावर निजवलं. अंगात ताप होता. गल्ली गोळा झाली ती आनंदाला, पण घटकाभरात कुजबूज सुरू झाली ती भागीवर. सासरा जिवंत, आणि सून मुळाची. आता म्हातारा गेला तर तापाने गेला असं कोण म्हणणार होतं? भागी राहिली आणि तो मेला तर खून हिच्या माथी. भागी माहेरी गेली तर सासरा जगेल तोवर परतायचं नाव नको. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, अशी तिची गत झाली.

जोशीबुवांना बोलावलं. त्यांनी आणखी एक पेच काढला. ज्याचं क्रियाकर्म झालं, तो परत आला तरी शास्त्राने मेलेलाच. त्याला तुपाने न्हाऊ घालून नव्याने जन्माला आणायचं, जातकर्म करायचं, बारसं करायचं, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं; मग तो घरचा. गल्लीतल्या टवाळांना विषय मिळाला. बापाच्या बारशाच्या घुगऱ्या खाणारा खंडू हा नाशकातला पहिलाच, असं म्हणून ते हसत होते. आक्काबाई मात्र हसली नाही. तिने फडताळातून कुंकवाचा जुना करंडा काढून पुसून ठेवला होता, तो मी पाहिला.

"आणि सून?" खंडूने विचारलं.

"ते घरचे झाले की सासरे झाले," जोशीबुवा म्हणाले. "मग तिला इथे ठेवणं बरं नाही."

भागी दाराआडून म्हणाली, "पयलं पाणी मीच पाजलं त्यांना. तवा काय झालं नाय."

"दोष लगेच लागत नाही, बाई."

या शास्त्राचं हेच एक मला आवडत नाही. त्याला कधी घाई नसते. आक्काबाई सुनेकडे न बघता म्हणाली, "चार दिस माहेरला जाऊन ये, भागे." ते चार दिवस म्हणजे किती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला आक्काबाईचा संताप आला, आणि तो करंडा आठवून तिची कीवही आली. खंडू जमिनीकडे बघत उभा होता. भागीने बोचकं बांधलं. रडली नाही, टोपलीतल्या फुलांवर पाणी मारलं, ओला फडका टाकला, आणि पायरी उतरू लागली.

तेव्हा ओट्यावरून म्हातारा बोलला. तो झोपलेला आहे असंच आम्ही धरून चाललो होतो.

"मला नाय जलमायचं."

तो कोपरावर उठला.

"आक्के, तू मला जाळलंस ते रास्त केलंस. एकदा मोडून गेलो, आता पुन्यांदा मोडाया नाय आलो. म्या बुवा म्हनून पडून ऱ्हाईन वट्यावर. बुवाला बायकू नसती, पोरगा नसतो, आन् सून बी नसती. पोरी, बोचकं सोड."

आक्काबाई आत गेली. फडताळाचं दार लागल्याचा आवाज आला. नवरा ओट्यावर आणि ती पांढऱ्या कपाळाने घरात, असा तिचा संसार तिथून पुढे झाला, आणि त्याबद्दल ती कोणाशी कधी बोलली नाही. सगळ्यांत महाग तिलाच पडलं, असं माझं मत आहे.

ताप उतरला. बुवा ओट्यावर बसून हार ओवू लागले. भागी त्यांना भाकरी द्यायची, पायांना तेल लावायची आणि इतरांसारखंच "बुवा" म्हणायची. एकदा तिने त्यांना नक्षत्र विचारलं. रेवती, ते म्हणाले. रेवतीची माणसं देवगणी, मऊ स्वभावाची, आणि प्रवासाला ते नक्षत्र फार चांगलं. भागी मला हे सांगताना पोट धरून हसली. देवगणी मऊ माणूस रांगतं पोर टाकून प्रवासाला गेला, आणि मोडतोडीच्या देवीची पोरगी घर धरून बसली. मला मात्र हसू आलं नाही.

पाच-सहा वर्षं असं चाललं. मग पायांची सूज वर चढली, बुवांनी अन्न सोडलं आणि एका सकाळी ते गेले. त्या दिवशी नक्षत्र कोणतं होतं, हे गल्लीत एकानेही विचारलं नाही. तपोवनातले दोन बैरागी त्यांना न्यायला आले. खंडू उघडाबोडका उभा होता. एकदा तेरावं झालेल्याचं पुन्हा काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं. भागीने ताजा हार आणून बुवांच्या गळ्यात घातला आणि ती पायांशी बसली. ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हता.

आक्काबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हन आता," ती म्हणाली. "आता बाधायचं नाय."

भागीने त्या सुजलेल्या पायांवर डोकं टेकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "मामंजी."