कान बसले

सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. मी खानदेशातून पहिल्यांदा खात्यात पाय ठेवला तेव्हा वाटलं, कोणीतरी डोक्यात खिळे ठोकतंय. एका पत्र्याखाली ओळीने माग, प्रत्येक मागावर धोटा इकडून तिकडे आपटणारा, आणि मालकाला वर आणखी दोन माग बसवायची घाई. खोलीवर येऊन जेवायला बसलो तरी ताटात खटाखट चालूच. मग एके सकाळी आत शिरलो आणि आवाज टोचलाच नाही. मी शेजारच्या मागावरच्या माणसाला खुणेने तसं सांगितलं. खात्यात बोलायचं ते ओठांनी आणि बोटांनी, घशाला तिथे काम नसे. तो धुळ्याकडचा, माझ्यापेक्षा जुना. सुट्टीत त्याने पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांना गोळा केलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बसनात रे तुन्हा कान! आते पेढा खवाड!"

हा आमचा रिवाज होता. हात बसला म्हणजे काम आलं, तसे कान बसले म्हणजे माणूस खात्याचा झाला. मी हौसेने पेढे आणले. गावाकडे जाणाऱ्या एकाबरोबर आईला निरोपही धाडला की काळजी करू नकोस, माझे कान बसले. आईने देवापुढे साखर ठेवली म्हणे.

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. मी अगदी नवा होतो, अजून मागावर हातही चालत नव्हता, तेव्हा शेठच्या घरी सामान चढवायला आम्हा चौघांना नेलं होतं. शेठचा भाऊ आफ्रिकेत धंदा करायचा. त्याने तिकडून बोटीने गाणं ऐकायचं यंत्र पाठवलं होतं आणि त्याबरोबर लाकडाचे दोन मोठे स्पीकर. कपाटाएवढ्या त्या पेट्या आम्ही अरुंद जिन्याने माडीवर नेल्या, कोपरं सोलून घेतली. शेठने तारा जोडल्या, एक गुजराती भजन लावलं आणि आम्ही दारातच घाम पुसत उभे राहिलो.

लाऊडस्पीकर म्हणजे गणपतीतला कर्णा, एवढंच मला तोवर ठाऊक. तो फक्त ओरडतो. ह्या पेट्या ओरडत नव्हत्या. ढोलकाची थाप पोटात लागत होती, बाईचा गळा मधोमध मोकळा होता, आणि ह्या सगळ्याच्या वर कुठेतरी मंजिरा, ती छोटी पितळी झांज, वेगळी, स्वच्छ. भजन संपलं. शेवटचा मंजिरा मात्र संपला नाही. तो बारीक होत होत गेला, आणि कुठे संपला ते मला सांगता आलं नसतं. शेठने आमच्याकडे पाहिलं आणि चहा न विचारता हाताने जायची खूण केली.

असं काहीतरी आपल्या घरात वाजलं पाहिजे, हे मी त्या जिन्यातच ठरवलं. लोक घड्याळाला, सायकलीला आसुसतात. मी त्या मंजिऱ्याला आसुसलो. मला हसायचं त्याने हसावं.

त्यानंतर लग्न झालं, मी माग चालवता चालवता माग दुरुस्त करणारा जॉबर झालो, उधन्याला चाळीत दोन खोल्या मिळाल्या. हाताशी चार पैसे यायला लागले तसा मी चौक बाजारातल्या पेट्या बनवणाऱ्याच्या मागे लागलो. आधी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र घेतलं, ते भजनही शोधून काढलं. मग स्पीकर. पहिली जोडी बोदी निघाली, गोधडीखालून बोलल्यासारखी. परत दिली. दुसरी जरा बरी, पण मंजिरा नाहीच. "बारीक आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर टाक," मी म्हटलं. त्याने टाकला. मी म्हटलं, "आणखी वाढव." त्याने वाढवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं आपण उधारीवाल्याकडे पाहतो. चाळीतले म्हणायचे, तुमची पेटी कानात सुई घालते. मी म्हणायचो, गाढवाला गुळाची चव काय!

पेटीवाल्यांशी मी भांडलो, वीज कमी येते म्हणून खांबावरच्या माणसाशी भांडलो, आणि सगळ्यात जास्त बायकोशी. ती माझ्याशी तोंडातल्या तोंडात बोलायची. निदान मला तसं वाटायचं. मी खेकसायचो, जरा तोंड उघडून बोल. ती पोळी तव्यावर आपटून म्हणायची, "कवयनी बोंबलस मी! आयकू येत नही का तुम्हले?"

मग तापीला मोठा पूर आला. शेठच्या घराचा खालचा मजला बुडाला. पुढे घराची डागडुजी झाली, नवं यंत्र आलं, आणि शेठ आफ्रिकेच्या पेट्या काढायला निघाला. मी हातापाया पडून त्या मिळवल्या. त्यासाठी काय विकलं ते सांगत नाही, बायको अजून विसरलेली नाही. लारीवर दोऱ्यांनी बांधून पेट्या घरी आणल्या. त्या आत आल्या तशी खाट बाहेर गेली. शेजारी जमले. मी भजन लावलं.

ढोलक पोटात लागला. बाईचा गळा आला, पण लुगड्याच्या पदराआडून आल्यासारखा. मंजिरा नव्हताच.

मी तडक शेठकडे गेलो. पुराच्या पाण्यात भिजलेला माल माझ्या गळ्यात बांधला, असं तोंडावर बोललो. शेठ चिडला नाही. "पेटी मेडा पर हती, भाई," तो म्हणाला. पेट्या माडीवर होत्या, पाणी शिवलंसुद्धा नाही. माझा विश्वास बसला नाही. शेठ लोक गोड बोलून काय काय खपवतात ते मी रोज बघत होतो.

घरी येऊन मी पेट्यांच्या पाठी उघडल्या. चिखलाचा डाग सापडला की तोच शेठच्या पुढ्यात नेऊन ठेवायचा होता. आत सगळं कोरडं होतं. कागद पांढरा, तारा चकचकीत, एका कोपऱ्यात जुनं जळमट. मी पाठी पुन्हा बसवल्या, रेकॉर्ड लावली आणि डोकं धरून खाली बसलो. बायको तांदूळ निवडत होती. ती थांबली.

"तो मंजिरा कितला गोड वाजी ऱ्हायना!" ती म्हणाली. ह्या खेपेला मोठ्यानेच.

"कोणता मंजिरा?"

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग माझं तोंड पाहून तिने हातातलं सूप खाली ठेवलं. भजन संपलं. तिने एक बोट वर केलं, आम्ही खात्यात करतो तसं, थांब म्हणून. ते तिला माझ्याकडूनच लागलेलं. खोलीत माझ्यासाठी काहीच नव्हतं. तिचं बोट मात्र वरच होतं. किती वेळ होतं! मग ते हळूहळू खाली आलं.

"आते गया," ती म्हणाली.

नाचता येईना म्हणून मी आख्ख्या सुरतेची अंगणं वाकडी ठरवली होती. पण मला लाज वाटली नाही, राग आला. तो घेऊन मी पुन्हा शेठकडे गेलो. कशाला, ते मलाही माहीत नव्हतं. मी फक्त एवढंच सांगितलं की पेट्या चांगल्या आहेत, मला ऐकू येत नाही. शेठ नव्या यंत्रावरची धूळ फडक्याने पुसत होता. त्याने मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. "कान जाय, भाई," तो म्हणाला. "एटले तो हुं खातामां बेसतो नथी."

म्हणूनच तर मी खात्यात बसत नाही! इतकी वर्षं आम्ही समजत होतो की शेठला धूळ सोसत नाही. त्याला ठाऊक होतं. बापाने त्याला सांगून ठेवलं असेल, जसं आमच्या बापाने आम्हाला विहिरीत वाकू नको म्हणून सांगितलं. आम्हाला ह्या विहिरीबद्दल कोणी सांगितलं नाही. उलट आम्हीच एकमेकांना ढकलत होतो आणि वर पेढे खात होतो. हात बसला की काम येतं, हे आम्हाला माहीत होतं. घसासुद्धा बसतो, हे अख्ख्या खात्यात एकालाही आठवलं नाही.

पुढल्याच आठवड्यात शिरपूरकडचा एक नवा माणूस टाकीपाशी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, कापूस घाल कानात, हे चांगलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. धुळेवाला म्हणाला, "जॉबरले शेठनी हवा लागनी." सगळे हसले. पुडा फिरला, माझ्यासमोर आला. मी पेढा घेतला नाही. त्यालाही लोकांनी माज म्हटलं.

पेट्या मी विकल्या नाहीत. विकायला काढल्या होत्या, बायकोने विकू दिल्या नाहीत. ज्या पेट्यांनी तिची खाट घराबाहेर काढली त्या आता तिला हव्या आहेत. संध्याकाळी ती भजन लावते आणि तांदूळ निवडायला बसते. मी समोर बसतो. भजन संपतं, ती बोट वर करते, आणि मी विचारतो, गेला का?

"आजून शे," ती म्हणते.