शेवग्याची हद्द आणि मोजणीमामा

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत जमिनीचा असा एकही तुकडा नसेल, ज्याच्याकडे मोजणीमामांनी एक डोळा मिटून संशयाने पाहिलेलं नाही. नात्याने ते माझ्या साडूचे मामा, म्हणून आमचेही मामा. व्यवसायाने खासगी सर्व्हेअर, पण तो व्यवसाय त्यांच्या अंगात ताप मुरावा तसा मुरला होता. कोणाच्या घरी गेले की पंख्याखालची खुर्ची सोडून आधी "उत्तर कुठली?" असं विचारायचे आणि तिकडे तोंड करून बसायचे, मग समोर भिंत असली तरी बेहत्तर. माझ्या मेहुणीच्या लग्नात नवरानवरीला आशीर्वाद देऊन खाली उतरले ते थेट मंडपवाल्याकडे गेले. "तुझा मंडप डावीकडे चार इंच सरकलाय," म्हणाले. मंडपवाल्याने हसत हसत दोरी लावून पाहिली आणि त्याचं हसू गेलं. मामी तर सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि आमच्या अंगणाच्या कोपऱ्याकडे जास्त बघत होते. कोपरा काटकोनात निघाला म्हणून माझं लग्न जमलं!"

मोरिवलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. तिथून रिक्षाने निघताना मोजणीचं मशीन सीटवर मधोमध आणि मामा कडेला अर्धे बाहेर, असा त्यांचा प्रवास असे. एखाद्या गिऱ्हाइकाने मोबाइलवरचा नकाशा पुढे केला की ते चष्मा काढून ठेवायचे. "साहेब, आभाळातून छप्पर दिसतं. हद्दीचा दगड वाकूनच शोधावा लागतो," असं म्हणून खरोखरच वाकायचे, आणि मग पाऊण तास उठायचे नाहीत. मशीनने सगळं मोजून झालं तरी शेवटी एकदा साधी टेप लावायचेच, आणि तिथे त्यांचा एक नियम होता. टेपचं दुसरं टोक ज्याच्याशी भांडण आहे त्यानेच धरायचं, आणि आकडाही त्यानेच मोठ्याने वाचायचा. "मी वाचला तर मी विकला गेलो म्हणतील. स्वतः वाचला तर कोणाला बोलणार?"

या नियमाने त्यांनी काय काय घडवलं! उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दोन सिंधी भाऊ, दुकानाला दुकान लागून, मधल्या भिंतीवरून कित्येक वर्षं अबोला. मामांनी दोघांच्या हातात टेपची टोकं दिली आणि स्वतः चहा प्यायला गेले. टेप मधे लोंबायला लागली. भर उन्हात दोघं उभे, बोलायला कोणी तयार नाही. शेवटी धाकटा ओरडला, "अरे भाऊ, थोड़ा खींचो तो सही!" मोठा म्हणाला, "तू ढील दे रहा है, और मैं खींचूँ?" झालं, अबोला तिथेच सुटला. भांडण पुढे महिनाभर चाललं, पण बोलून चाललं.

आमच्या शिरगावच्या घरी मामांना बोलवायची वेळ आली ती कंपाउंडच्या भिंतीमुळे. ही जागा मी शेजारच्या नानांच्या वडिलांकडून घेतली होती. म्हाताऱ्याने पावलं टाकून जागा मोजली आणि चार कोपऱ्यांना खुंट्या म्हणून शेवग्याच्या फांद्या रोवल्या. पावसाळा आला आणि खुंट्यांना पालवी फुटली. आमची हद्द वाढायला लागली, तिला शेंगा लागल्या, त्या दोन्ही घरांच्या आमटीत पडल्या. पुढे वाऱ्यात एक झाड पडलं, तेव्हा नानांच्या आईने "इथंच व्हतं" म्हणत नवी फांदी रोवली. त्या झाडावर भरवसा ठेवून मी स्वयंपाकघर वाढवलं. आता गवंड्याने "लाइन कुठली?" असं विचारल्यावर मी झाड दाखवलं आणि नानांनी झाडाच्या अलीकडची जागा.

मी सर्व्हेअर बोलावतोय हे कळताच नाना दारात आले. "साहेब, माज्या बापान जागा दिली तवा टेप नव्हती. भरोसा व्हता. आता तुना टेप लागतेय?" माझा कागद पक्का होता, पण ज्या माणसाने माझ्या बायकोच्या आजारपणात स्वतःची गाडी काढून धावाधाव केली, त्याच्या तोंडावर तो कागद कसा फडकवणार? भिंत राहिली बाजूला, शेजार जातोय की काय याचीच मला धास्ती वाटायला लागली.

मोजणीच्या दिवशी मामांनी नियमाप्रमाणे टोक नानांच्या हातात दिलं. नानांनी आकडा वाचला, थांबले, पुन्हा वाचला. आमचं स्वयंपाकघर सव्वा फूट त्यांच्या जागेत होतं. बायको आतून ऐकत होती, तिने गॅस बंद केला. मामा नकाशावर तांबडी रेघ ओढून मोकळे झाले. "हे माझं माप. सरकारी मोजणी हवी तर दोघांनी अर्ज करा, आकडा हाच येईल."

आठ दिवस नाना आमच्याकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि ओट्यावर बसले. "वयनींचं किचन कनाला तोडतंस? चूक माज्या आईची. मागच्या अंगाला तेवढीच जागा माज्याकडं दे नि मोकला हो." मी लगेच हो म्हणालो. मामांकडून नकाशा करून घेतला, रीतसर कागद केले आणि भिंत बांधली. ती स्वयंपाकघरापाशी एकदा बाहेर वळते आणि मागे पुन्हा आत वळते.

मामा भिंत बघायला आले. मी आणि नाना उभे होतो, आता हे चार शब्द सुनावणार म्हणून. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि पायरीवर बसले. चहा घेता घेता एकदम म्हणाले, "गावाला माझ्या थोरल्या भावाची आणि माझी वाटणी मीच मोजली होती. नऊ इंच माझे त्याच्याकडे निघाले. मी कुंपण हलवलं. माप बरोबर होतं हो, अगदी बरोबर होतं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही."

मग नाना उठले, खिशातून गाडीची चावी काढली. "मामा, चला. गाव सांगा, आत्ता नेतो. मी बोलतो तुमच्या भावाशी."

मामा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "दोन वर्षं झाली त्याला जाऊन," म्हणाले, आणि राहिलेला चहा त्यांनी सावकाश संपवला.