सत्तावन्न गुणांचं पुस्तक

ऑफिसात तिला चाळणबाई म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर सगळे नुसतं 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की चाळणबाई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकतीस वर्षं तिने एकच काम केलं. लहान मुलांसाठी लिहिलेली माहितीची पुस्तकं वाचायची आणि ती शाळांच्या वाचनालयात जायच्या लायकीची आहेत की नाहीत ते सांगायचं. गोष्टी नि कविता शेजारच्या टेबलावर जात. तिथल्या गृहस्थांना सगळे कविराज म्हणत आणि ते दुपारच्या चहाआधी चार पुस्तकं हातावेगळी करत. चाळणबाईकडे यायचे ते ग्रह, कीटक, पूल, ज्वालामुखी आणि दात.

लोकांना वाटतं, मुलांसाठी लिहिणं म्हणजे हातचा मळ. ज्याला काहीच जमत नाही तो मुलांसाठी लिहायला बसतो. कोळ्याला आठ पाय असतात असं लिहायचं आणि खालच्या चित्रात सहा काढायचे, असे लेखक तिने शेकड्यांनी पाहिले होते. त्यामुळे पुस्तक आलं की ती आधी चित्रं आणि चित्रांखालच्या ओळी ताडून बघे, मग शेवटची सूची, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. नवा कारकून आला की त्याला ती एकदा तरी ऐकवायचीच, "मोठ्यांच्या पुस्तकात चूक असली तर मोठा माणूस भांडतो. मूल भांडत नाही. मूल पाठ करतं."

परीक्षणाचा तक्ता होता शंभर गुणांचा. चित्रं आणि मांडणीला चाळीस, भाषेला वीस, सूची नि परिशिष्टांना वीस, आणि माहिती खरी असण्याला उरलेले वीस. म्हणजे पुस्तक देखणं असलं की पुरे, खोटं असलं तरी पास. साठाला पास. हा तक्ता कोणा शहाण्याने केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण बदलायला कोणी तयार नव्हतं. चाळणबाई त्यावर पाच वर्षं भांडली आणि शेवटी तक्त्याच्या तळाशी एक ओळ घालून घेतली. 'मुलांना अपाय होईल असा मजकूर आहे काय? होय / नाही.' तिथे 'होय' आलं की गुण कितीही असोत, पुस्तक थांबलं. ती ओळ तिची होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने जगाला दिलेली तेवढी एकच ओळ.

घरी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची ताई. ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच हिची वेणी घातली, हिची शाळा केली, आणि पुढे मुलांच्या वॉर्डात चौतीस वर्षं नर्स म्हणून उभी राहिली. लग्न दोघींनीही केलं नाही. ताईला वेळ मिळाला नाही आणि हिला कोणी पास झालं नाही, असं ताई हसत सांगायची. निवृत्त झाली तरी ताईचा दवाखाना सुटला नव्हता. कोणाचा गुडघा फुटला, कोणाच्या पायात काच गेली, की इमारतीतली माणसं आधी ताईचं दार वाजवत आणि मग डॉक्टरचं.

त्या वर्षी एकशे बारा नंबरची फाइल आली. परीक्षकाला लेखकाचं नाव कळू नये म्हणून पहिलं पान फाडून नंबर चिकटवायची पद्धत होती, आणि परीक्षक कोण ते लेखकालाही कळत नसे. आत टाइप केलेली साठ पानं, आपलं शरीर आणि त्याची काळजी. अकराव्या पानावर लिहिलं होतं, "मित्र पडला तर आधी त्याचं रडणं ऐकून घ्या, मग गुडघा बघा."

चाळणबाईने चष्मा काढला. हे वाक्य तिने लहानपणापासून ताईच्या तोंडून ऐकलं होतं. ताईने बघितलेल्या गुडघ्यांतला पहिला गुडघा तिचाच होता. मागचं वर्षभर ताई दुपारची 'जुन्या मैत्रिणीकडे' जात होती, त्याचा उलगडा तिथे झाला. ती कुठल्या तरी टायपिंगच्या दुकानात बसून मजकूर सांगत होती. निवड झाली की धाकटीला चकित करायचं होतं, दुसरं काय.

ओळखीच्या माणसाची फाइल परत करायची असा नियम होता. चाळणबाई उठून परत देऊन आली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण ती उठली नाही. तिने पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं, आणि संध्याकाळपर्यंत पुस्तक संपवलं. पुस्तक चांगलं होतं. तिच्या टेबलावर एकतीस वर्षांत आलेल्या चांगल्या पाच-सहा पुस्तकांपैकी होतं. आणि ती जळली. जन्मभर दुसऱ्यांच्या लिखाणावर बोट ठेवणाऱ्या या बाईने स्वतः कधी एक पान लिहिलं नव्हतं. पाच-सात वेळा बसली होती, पण पहिल्याच वाक्यात तिला तीन चुका दिसत आणि ती कागद फाडून टाके. आणि ताईने, जिला किराणा मालाची यादीही नीट लिहिता येत नव्हती, पहिल्या झटक्यात हे लिहिलं होतं.

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी जगाची रीत. चाळणबाईने उलटं केलं आणि त्याला निःपक्षपातीपणा असं नाव दिलं. लाल पेन्सिल घेऊन तिने सतरा चुका काढल्या. त्यांतल्या खऱ्या तीन. बाळाच्या हाडांची संख्या मोठ्यांइतकीच दिली होती, एका आकृतीत यकृत डाव्या बाजूला गेलं होतं, आणि एका ठिकाणी तापाच्या आकड्यापुढे अंश लिहायचं राहिलं होतं. बाकीच्या चौदा म्हणजे नुसता राग होता. ताईने लिहिलं होतं, "भाजलं की गार पाण्याखाली हात धरा. हजार मोजेपर्यंत धरा. वर काहीही फासू नका, आजीने सांगितलं तरी." त्याच्या शेजारी चाळणबाईने लिहिलं, 'वडीलधाऱ्यांचा अनादर. टाळावे.' माहितीला अठरा दिले, तिथे तिचा हात खोटं बोलेना. मग चित्रांना एकोणीस, भाषेला बारा, सूचीला आठ. बेरीज सत्तावन्न. शेवटी एक वाक्य : 'लेखकास अनुभव असला तरी लेखन हा वेगळा व्यवसाय आहे, पुन्हा प्रयत्न न करणे श्रेयस्कर.' हे लिहिताना तिला बरं वाटलं होतं. हे ती पुढे कोणाला सांगू शकली नाही.

आठवड्याने त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, शेवटी तीन सूच्या. नंबर चिकटवलेला असला तरी ते निवड समितीच्या अध्यक्षांच्या मित्राचं आहे हे शिपायालाही ठाऊक होतं. सव्विसाव्या पानावर होतं, 'भाजलेल्या जागी लगेच टूथपेस्टचा जाड थर द्यावा, थंडावा मिळतो.' चाळणबाईने समासात प्रश्नचिन्ह केलं आणि तळाच्या ओळीपाशी येऊन थांबली. 'होय / नाही.'

एका विषयावर वर्षाला एकच पुस्तक घेत. पहिलं थांबलं, तर त्याच विषयात गुणांनी त्याच्या खालोखाल असलेली फाइल, नापास असली तरी, पुन्हा उघडायची आणि दोन नव्या परीक्षकांनी वाचायची, असं ठरलेलं होतं. खालोखालची फाइल एकशे बारा. म्हणजे तिने 'होय'वर खूण केली असती तर ताईचं पुस्तक जगलं असतं. पण ते दोघे सतरा लाल खुणाही बघणार होते, आणि त्यांतल्या चौदा कशाच्या आहेत ते शाळकरी पोरालाही कळलं असतं. वर लेखिकेचं नाव उघडं पडलं की सगळं ऑफिस म्हणणार, चाळणीलाच मोठी भोकं होती.

तिने रबर घेऊन प्रश्नचिन्ह पुसलं. माहितीला पंधरा, बेरीज अठ्ठ्याऐंशी, तळाला 'नाही'. अध्यक्षांनी तिला एक शब्द विचारला नव्हता की धाक घातला नव्हता. धाक घालणारं कोणी असतं तर निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

ताईला नकाराचं पत्र आलं, सोबत परीक्षणाची टाइप केलेली नक्कल. ताईने पुस्तकाचं सगळं सांगितलं, मग नक्कल मोठ्याने वाचून दाखवली, सतराच्या सतरा मुद्दे. चाळणबाई ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

"कोण आहे गं हा माणूस?" ताईने विचारलं.

"आम्हाला नाही कळत. शरीराची पुस्तकं माझ्याकडे नसतात."

"हाडांचं बरोबर पकडलंय हं. आणि यकृताचं. माझी मेलीची नजरच गेली नाही." ताईने नक्कल घडी करून मांडीवर ठेवली. "कडक आहे, पण असाच माणूस पाहिजे. आमच्या वॉर्डात अशी एक मेट्रन होती. आम्ही रडायचो, पण तिच्या हाताखाली पोरं दगावली नाहीत."

"तू त्या तीन-चार चुका दुरुस्त कर आणि पुन्हा पाठव."

"नको गं. त्यानेच लिहिलंय, नको म्हणून. आपल्याला लिहिता येत नाही हे वेळेवर कळलं, बरं झालं." ताईने आपल्याजवळच्या प्रतीची साठ पानं जुन्या उशीच्या अभ्र्यात घातली आणि अभ्रा कपाटाच्या वर टाकला. त्यानंतर जुन्या मैत्रिणीकडे जाणं बंद झालं. चाळणबाई मूग गिळून बसली. रोज वाटायचं, आज सांगू, आणि रोज ताई काहीतरी साधंसं बोलायची, दूध आलं का, गॅस बंद केलास का, आणि तो दिवस जायचा.

आठ महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई आपल्या मुलीला ओढतच वर घेऊन आली. मुलगी आठ वर्षांची. इस्त्रीवर हात पडला होता, त्याला दोन दिवस झाले होते. तळव्यावर पांढरा थर वाळून घट्ट बसला होता आणि कडेने पिवळं पाणी येत होतं.

"हे काय फासलंय?" ताईचा आवाज चढला.

"टूथपेस्ट. मी नाही हो ताई, हिनेच लावली. मी ओरडले तर म्हणते, पुस्तकात आहे."

"शाळेच्या पुस्तकात आहे," मुलगी हुंदके देत म्हणाली. "जाड थर द्यावा, थंडावा मिळतो. मला पाठ आहे."

ताईने कोमट पाणी घेतलं आणि थर भिजवून भिजवून काढायला बसली. अर्धा तास लागला. कातडी थराबरोबर निघत होती आणि मुलगी असं काही किंचाळत होती की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. तिला धरून बसायचं काम चाळणबाईकडे होतं. पोरीने दुसऱ्या हाताची नखं तिच्या मनगटात रुतवली होती आणि चाळणबाईने मनगट काढून घेतलं नाही.

पट्टी झाली. "उद्याच्या उद्या डॉक्टरला दाखव, आत पू धरलाय," ताईने त्या बाईला बजावलं, "आणि ते पुस्तक माझ्याकडे पाठव." पुस्तक वर आलं. आतल्या पानावर निवड समितीचा जांभळा शिक्का होता. ताईने सव्विसावं पान दोनदा वाचलं, कागद घेतला आणि टेबलाशी बसून पत्र लिहायला लागली. चाळणबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"कोणाला लिहितेस?"

"त्या कडक माणसाला. ज्याने माझं पुस्तक तपासलं. अध्यक्षाला लिहून काही व्हायचं नाही, ते सगळे एका माळेचे मणी. पण हा माणूस सोडायचा नाही. अंश लिहायचा राहिला तर त्याने मला धरलं, तो पोरांच्या कातडीचं कसं सोडेल? तू नेऊन दे. कोण आहे ते शोधून काढ."

चाळणबाईच्या ओठांवर ते आलं होतं. दोनच शब्द होते, मीच ती. पण ताईने मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत इतका विश्वास होता, त्या नसलेल्या माणसावरचा, की तिचं धाडस झालं नाही.

"तो नाही आता तिथे," ती म्हणाली. "निवृत्त झाला."

"कधी?"

"मागच्या वर्षी. तुझं पुस्तक बघितलं, त्यानंतर लगेच."

"तरीच!" ताईने टेबलावर हात आपटला. "तरीच हे पुस्तक सुटलं. तो असता तर नसतं सुटलं. बघ, एक माणूस हलला की काय होतं ते." तिने पत्रावरचा मायना खोडला, क्षणभर विचार केला आणि वर नवी ओळ लिहिली : 'त्या परीक्षकांच्या जागी आता जे कोणी बसत असतील, त्यांस.' मग पत्राची घडी घालून पाकीट धाकटीच्या हातात दिलं.

"पोस्टाने नको. कोणाच्या तरी टेबलावर पडून राहील. तू स्वतः जा आणि त्याच्या हातात दे," ताई म्हणाली आणि मुलीच्या हाताचं रक्त लागलेले कपडे भिजवायला आत गेली.