फळ्यामागचा वर्ग

"ए सुतार, इकडे ये. ह्याचा पाय बघ जरा."

पुण्याचं कॉलेज. सायन्सचं पहिलं वर्ष. बीजगणिताचा तास. आमच्या खोलीत भिंतीतला फळा नव्हता. तीन पायांच्या लाकडी घोड्यावर उभा केलेला फळा होता, आणि त्या दिवशी त्याचा मागचा पाय सांध्यातून निखळला. फळा कलला. खडूची पूड सरांच्या काळ्या कोटावर सांडली. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि चौथ्या बाकावर आणून थांबवली. चौथ्या बाकावर मी.

माझं नाव सुतार नाही. आडनावही नाही. हजेरीपटावर माझं तीन शब्दांचं रीतसर नाव होतं, इतरांचं होतं तसंच. पण पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून वडील काय करतात ते विचारलं होतं. कुणाचे वकील, कुणाचे डॉक्टर, कुणाचे मामलेदार कचेरीत. मी म्हणालो, "सुतार आहेत. पिंपरीला कारखान्यात खोकी करतात." सरांनी माझ्याबद्दल तेवढं एकच ध्यानात ठेवलं. बाकीच्यांना 'मिस्टर' आणि 'तुम्ही'. मला 'ए सुतार' आणि 'तू'.

आणि मी काय केलं? उठलो. नुसता उठलो नाही, टुणकन उठलो. आज आमच्या घरातली पोरं मला म्हणतात, "बाबा, तिथंच सांगायचं होतं ना त्यांना!" सांगायचं कसलं? मला आनंद झाला होता! साठ पोरांत सरांना मी दिसलो. आता बघाच म्हटलं, हा गडी काय करतो ते. वकिलाच्या पोराला येईल का हे?

फळ्यामागं गुडघ्यावर बसलो. हत्यार नव्हतं. खिशात चाकू होता, कंपासपेटी होती. सांध्यातली खुंटी मोडलेली. म्हणून माझी नवी कोरी पेन्सिल मधोमध तोडली, तासली आणि तिचीच खुंटी केली. दादांची शिस्त होती, कामाला हात लावला की पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही. दादा म्हणजे माझे वडील. मी उठलो नाही. फळ्याच्या पुढं तास चालू होता, खडू करकरत होता. फळ्याच्या मागं मी पेन्सिल तासत होतो.

कॉलेजात सगळं शिकवणं इंग्रजीतून. माझं इंग्रजी म्हणजे पिंपरीच्या कारखान्यातलं, दादा घरी घेऊन यायचे तेवढं. फळ्यापलीकडून सरांचा आवाज आला, "नाऊ, जंटलमेन, वी मस्ट कम्प्लीट द स्क्वेअर."

सुताराकडं काटकोन तपासायचं एक हत्यार असतं. आम्ही त्याला गुण्या म्हणतो. दादांचा फोरमन त्याला स्क्वेअर म्हणायचा. दादा घरी येऊन सांगायचे, "आज फोरमननं स्क्वेअर लावून खोकं पास केलं." मला वाटलं, सर मलाच विचारतायत. मी फळ्यामागून ओरडलो,

"झाला सर! स्क्वेअर कम्प्लीट! पाय काटकोनात बसला!"

साठ पोरं. बाकं बडवून बडवून हसली. माझ्या शेजारी बसणारा वसंता तर डोळे पुसत होता. सरही हसले, त्या तासाला पहिल्यांदा. मला वाटलं, शाबासकी. मीही हसलो. माझ्यावरच्या हसण्यात मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. हे मी कुणाला सांगत नाही. इथं लिहितोय.

जागेवर येऊन बसलो तेव्हा फळा पुसून झाला होता.

वसंता कानाशी म्हणाला, "लेका, स्क्वेअर म्हणजे वर्ग. समीकरणातला वर्ग पूर्ण करायचा होता. तुझा गुण्या नव्हे." तो सदाशिव पेठेतला. मनानं वाईट नव्हता. त्यानं वही दिली, मी उतरून घेतलं. उतरलं, पण कळलं काहीच नाही. एका ओळीत सहा होता, पुढच्या ओळीत एकदम नऊ कुठून आला?

आता सरांची यादी सांगतो. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला ती लिहून घ्यायला लावली होती. धडा आधी वाचून या. रोज दोन तास गणितं सोडवा, नुसती पाहू नका, पाहिलेलं गणित आपलं नसतं. पायरी गाळू नका. उत्तर आलं की मूळ समीकरणात घालून ताळा करा. आणि अडलं तर त्याच दिवशी विचारा, उद्यावर टाकलंत तर उद्या दोन गोष्टी अडतील. खोटं कशाला बोलू, यादी बावनकशी होती. माझ्या पोरांना मी तीच देतो. देणारा कसाही असो, यादीत खोट नव्हती.

तर मी यादीप्रमाणे वागलो. अडलं होतं, त्याच दिवशी गेलो. सरांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो.

"सर, तो नऊ कुठून आला?"

"कुठला नऊ?"

"वर्ग पूर्ण करताना, सर. आजच्या तासाला."

"तेव्हा तू कुठे होतास?"

"फळ्यामागं, सर."

"मग फळ्यामागूनच शीक."

एवढंच. पुन्हा वर पाहिलं नाही. बाहेर आलो. व्हरांड्यात चांगला कोवळा उजेड होता आणि माझे कान तापले होते. मघाशी साठ जण हसले तेव्हा काही झालं नव्हतं. आत्ता झालं. खुंटी मी बसवली. पेन्सिल माझी गेली. धडा माझा गेला. आणि चूकही माझीच.

शिवाय सहामाही तीन आठवड्यांवर. माझी फी माफ होती, नादारीवर. एका विषयात नापास झालो की नादारी बंद. नादारी बंद म्हणजे कॉलेज बंद, आणि मग मी कारखान्यात दादांशेजारी खिळे ठोकायला. खिळे ठोकण्यात वाईट काही नाही. पण मी निवडून गेलो असतो तर. हाकलून नाही.

आम्ही मूळचे कुरुळीचे. त्या चाकणकडच्या. पण तेव्हा आमची खोली पिंपरीत, कॅम्पाच्या बाजूला. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी. रविवारी दुपारी दादा घरी असत. मी जमिनीवर वही पसरून त्याच गणितावर बसलो होतो. क्षचा वर्ग अधिक सहा क्ष बरोबर चाळीस. क्ष काढा. नवव्यांदा खोडलं. मग वैतागून वही ढकलली आणि दादांनी आणलेले खोक्यांचे तुकडे मांडत बसलो. अभ्यास नकोसा झाला की माणूस काहीतरी मांडतोच.

एक चौरस तुकडा घेतला. म्हटलं, हा क्षचा वर्ग. लांबी क्ष, रुंदी क्ष. आता सहा क्ष. सहा बोटं रुंदीची पट्टी एका बाजूला लावली, तर चौरस बिघडून लांबोडा झाला. म्हणून पट्टी उभी चिरली. तीन बोटं उजवीकडं, तीन बोटं खाली.

दादा विडी विझवून बघत होते.

"ह्यो कोपरा उघडा का ठिवला?"

"कुठला?"

"ह्यो काय. दोन्ही पट्ट्यांच्या मधी. कोपरा भरल्याबिगर चौकट पुरी व्हायची न्हाई. तीन बोटं बाय तीन बोटं तुकडा काप."

तीन बाय तीन. नऊ.

माझ्या अंगावर काटा आला. नऊ तिथून आला होता! कोपऱ्यातून! चाळीसात नऊ घातले, एकोणपन्नास. बाजू सात. त्यातली तीन बोटं पट्टीची. क्ष बरोबर चार. ताळा केला. चार चोक सोळा, सहा चोक चोवीस. चाळीस. मी खोलीभर नाचलो. आईनं चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं, "ह्याला इंचू चावला का काय?"

दादाही हसले. मग म्हणाले, "पर एवढं सोपं तुज्या सरांनी दावलं न्हाई व्हय?"

"दाखवलं असणार. मी फळ्यामागं होतो."

"फळ्यामागं? का?"

सांगितलं. निम्मं गाळून सांगणार होतो, पण गाळता आलं नाही. दादांचं हसू हळूहळू गेलं. हातातला तुकडा त्यांनी खाली ठेवला.

"नावानं बोलावलं तुला?"

"न्हाई. सुतार म्हनले."

"आन् तू गेलास."

मी पट्ट्या सरळ करत बसलो.

"कुरुळीत मला कोन नावानं हाक मारायचं, सांग बरं." दादा माझ्याकडं न बघता बोलत होते. "ए सुतारा, नांगराचं बघ. ए सुतारा, तिफन धर. ल्हान पोरंबी तसंच. तुज्या आज्याचंबी तसंच गेलं. हितं कारखान्यात पयल्या दिवशी त्या मस्टरवाल्यानं माजं नाव पुकारलं. आख्खं. बापाच्या नावासकट. मी दोनदा ओ दिली न्हाई. मला कळंनाच कुनाला बोलवतोय. तवा म्हनलं, आता हितून हलायचं न्हाई."

आई चुलीत फुंकर घालत राहिली.

मी म्हणालो, "दादा, मला सुतार असल्याची लाज न्हाई वाटत."

"लाज कशापायी वाटंल? काम हाय ते." त्यांनी तीन बाय तीनचा तुकडा कोपऱ्यात सरकवून नीट बसवला. "पर काम येगळं आन् नाव येगळं."

पुढच्याच आठवड्यात पेन्सिलीची खुंटी मोडली. मोडणारच होती. फळा पुन्हा कलला.

"ए सुतार, तुझं काम कच्चं निघालं. ये, नीट कर."

मी वहीत बघत राहिलो.

"ए सुतार!"

वसंतानं कोपरखळी मारली. "अरे, तुला बोलावतायत."

"मला न्हाई."

"सुतार, ऐकू येत नाही का?"

उभा राहिलो. गोष्टीतल्या शूरासारखा मी नव्हतो. मनातल्या मनात तीनदा म्हटलेलं वाक्य अर्धं विसरलो होतो.

"सर, सुतार असं नाव हजेरीपटावर न्हाई. माझं नाव सव्वीस नंबरला आहे. त्या नावानं गणित विचारा, मी फळ्यापुढं येतो. फळ्यामागं येणार न्हाई."

'नाही' म्हणायचं होतं. 'न्हाई' निघालं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पण एकटंच, आणि लगेच गप्प झालं.

सर बघत राहिले. चष्मा काढला, पुसला.

"वर्गाबाहेर जा."

"माझी हजेरी लागलीय, सर. मी शिकायला आलोय."

मला वाटलं, आता शिपाई बोलावतील, आता प्रिन्सिपॉलकडं नेतील. तसं काही झालं नाही. ते वळले आणि त्या कललेल्या फळ्यावरच लिहू लागले. ओळी उजवीकडं घसरत गेल्या. तास संपताना फक्त म्हणाले, "सहामाहीला कळेलच, कोण काय शिकायला आलंय."

उरलेले दोन आठवडे त्यांच्या यादीनं मला जगवलं. धडा आधी. हातानं सोडवणं. एकही पायरी न गाळणं, कारण गाळलेल्या पायरीवर सर बोट ठेवणार हे पक्कं होतं. ताळा. आणि अडलं तर त्याच दिवशी. फक्त विचारायला सर नव्हते. वसंता होता, आणि घरी खोक्यांचे तुकडे. वसंताला मी लाकडाची चौकट दाखवली तेव्हा तो म्हणाला, "आयला, हे आम्हाला कुणी दाखवलंच नाही. आम्ही नुसतं पाठ केलं."

पेपरात तसलंच गणित आलं. एकेक पायरी लिहिली, इंग्रजीत, सुवाच्य. खाली ताळा. आणि शेजारी चौकट काढली, दोन पट्ट्या आणि भरलेल्या कोपऱ्यासकट.

पेपर परत द्यायचा दिवस आला. सर नाव घेत, पोरगं उठे, पेपर घेऊन येई. मिस्टर हे, मिस्टर ते. पंचवीस झाले. सव्विसावा पेपर त्यांनी उचलला. पाहिला. तसाच हवेत धरला. नाव घेतलं नाही.

मी उठलो नाही.

"हा घेऊन जा," ते म्हणाले. कुणाकडंच न बघता.

वर्ग माझ्याकडं बघत होता. वसंता कुजबुजला, "जा ना, राव. पास झाला असशील."

पेपर हवेत होता. माझी नादारी त्या पेपरात होती. पाच पावलांवर. उठलो असतो तर कुणी काही म्हणालं नसतं. पहिल्या वेळी टुणकन उठलो होतोच की.

मी बाकाची कड घट्ट धरून बसलो. सरांनी पेपर टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि सत्ताविसावं नाव घेतलं.

पास झालो होतो. ते चार दिवसांनी नोटीस बोर्डावर कळलं, नंबरावरून. नादारी राहिली. चौकटीवर त्यांनी लाल रेघ मारली की गुण दिले, मला आजही ठाऊक नाही. पेपर मी कधी पाहिलाच नाही. पोरं विचारतात, "बाबा, नंतर जाऊन आणला का नाहीत? तुमचाच होता."

माझाच होता. म्हणूनच त्यावर माझं नाव होतं. ते वाचता येत असून ज्यांनी वाचलं नाही, त्यांच्या टेबलावर तो पेपर राहू दे. आजही कुणी तो हवेत धरून म्हणालं, "हा घेऊन जा," तर मी बसलेलाच आहे.

आधी नाव घ्या. आख्खं. बापाच्या नावासकट.