जलंबला सुटलेली गाडी

आईचा फोन आला तेव्हा मी मलकापूरला शाळेत तास घेत होते. "ये व बाई. सावकाश ये," ती म्हणाली. आठवडाभर माझे वडील, अण्णा, खामगावला दवाखान्यात होते आणि रोज ती "लवकर ये" म्हणायची. सावकाश म्हटल्यावर सगळं कळलं... त्याला आता दीड महिना झाला. रडून झालं, पाहुणे गेले, उरलाय तो थकवा. खरं सांगायचं तर त्यातला निम्मा अण्णांच्या एका गोष्टीचा आहे. चाळीस वर्षं मी ती ऐकत आले.

तरुणपणी अण्णांना नागपूरहून सरकारी नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. खामगावहून निघाले, जलंबला गाडी बदलायची होती, आणि तिथं पोचेपर्यंत नागपूरची गाडी सुटलेली. आमच्याकडे जलंबला पुढची गाडी चुकणं नेहमीचंच, तसं म्हटलं की कोणी जास्त चौकशी करत नाही. अण्णा परत आले, जिनिंगमध्ये लागले, चिमूटभर कापूस बोटांत ओढून त्याची प्रत सांगू लागले. तिथं त्यांच्या बोटांना मान होता. घरी मात्र भाजीत मीठ कमी पडलं तरी गाडी निघायची. "जलंबले दोन मिनिटं भेटले असते, तर आज मी कुठच्या कुठं असतो!"

आई उतरल्या चेहऱ्यानं भाकरी थापत ऐकायची. त्यांचं लग्न त्या गाडीनंतरच्या वर्षातलं. कुठच्या कुठं म्हणजे कुठं, आणि तिथं आपण असतो की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. मला अण्णांचा राग यायचा तो याचाच.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. झोप येईना. एका दुपारी आई त्यांचे पाय चेपत होती, मी गोळ्या वेगळ्या करत होते. अण्णा वर बघत म्हणाले, "गाडी उभी होती व."

"कोणती?" आईनं विचारलं.

"नागपूरची. जलंबले. चांगली दहा मिनिटं उभी होती. मीच चढलो नाई. मले भेव लागला... तेथं इंग्रजीत विचारतीन, हसतीन. बाकावर बसून राह्यलो. गेली मंग." मग आईकडे वळून म्हणाले, "लोकाईले सांगता सांगता मलेबी खरंच वाटाले लागलं. तुले उगाच ऐकवलं जनमभर."

आईचे हात थांबले. आता ही इतक्या वर्षांचं एकदम बोलणार, असं मला वाटलं. मी तर वाटच बघत होते. "एवढंसं सांगाले इतके वर्ष लागले तुमाले?" ती म्हणाली, आणि दुसरा पाय चेपायला घेतला. त्या दुपारी अण्णा झोपले, चांगले घोरले. पुढचे तीन महिने मीठ कमी असलं की ते नुसतं मीठ मागून घ्यायचे. मला मात्र इतक्या सहज माफ करता आलं नाही.

तेरवीला त्यांचे जिनिंगमधले जुने सोबती आले. त्यातले एक आईजवळ बसून म्हणाले, "वहिनी, मोठा साहेब झाला असता आमचा माणूस. जलंबले गाडी चुकली अन्..."

खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर सारखा केला.

"हाव ना भाऊजी," ती म्हणाली, "दोनच मिनिटांनी चुकली."

ही गोष्ट निघाली आणि आईचा चेहरा उतरला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.