वापरलेला कोड

अप्पांच्या दुकानात संगणकावरच्या खेळांचे डबे काचेच्या कपाटात असत. दुकान तंजावूरच्या जुन्या बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. पोट भरायचं ते केबल, माउस आणि प्रिंटरच्या शाईवर, पण अप्पांचा जीव त्या कपाटात. नवा डबा आला की कापडाने पुसून ते तो समोर उभा लावत. नेटवरून खेळ उतरवून घेणाऱ्यांचं त्यांना नवल वाटे. "हातात आलीच नाही ती वस्तू आपली झाली कशी?" असं ते गिऱ्हाइकांना तमिळमध्ये विचारत आणि घरी मला मराठीत.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मला उलटं वाटायचं. डब्यात एक डिस्क असते आणि एक चिठ्ठी, चिठ्ठीवर लांबलचक कोड. तो कोड एकदा आपल्या ऑनलाइन खात्यात भरला की खेळ आपला. मग डिस्क नसली तरी नेटवरून उतरवता येतो. म्हणजे खरा खेळ त्या चिठ्ठीत, बाकी पुठ्ठा आणि प्लास्टिक.

ज्या खेळाची मी कित्येक महिने वाट पाहत होते त्याचा एकच डबा एक दिवस आला. अप्पा बाहेर गेले होते. मी ब्लेडने प्लास्टिक कापलं, चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला आणि ती जशीच्या तशी परत ठेवली. डब्याभोवती नवं प्लास्टिक गुंडाळून दुकानातल्या गरम हवेच्या हीट गनने ते आवळून घेतलं. डबा कपाटात गेला, होता तेवढाच जड. रात्री फोटोतला कोड मी माझ्या खात्यात भरला. मी तर काहीच घेतलेलं नाही, असं मी मनाशी म्हटलं. आणि असले डबे आता घेतं कोण?

तीन आठवड्यांनी तो विकला गेला. मी कॉलेजात होते, मला कळलंही नाही.

त्या शनिवारी सकाळी एक बाई दुकानात आल्या. पापनाशमच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, रात्रपाळी करून तशाच बसमध्ये बसल्या होत्या. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला, आणि मी तो लगेच ओळखला.

"सार, कोड आधीच वापरलाय असं येतंय," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "काल दिवसभर डिस्क लावून बसले. शेवटी हे."

"नीट भरला का, अम्मा? एखादं अक्षर चुकलं असेल."

"दहा वेळा भरला."

अप्पांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "हा डबा कंपनीच्या सीलमध्ये आला आणि सीलमध्येच तुम्हाला दिला."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

शाई घ्यायला आलेले दोघे मागे वळून पाहू लागले. अप्पांचा आवाज चढला. एरवी तो कधी चढत नसे. "मी तसं म्हटलं नाही. पण या कपाटाला मी आणि माझी मुलगी, दोघांशिवाय कोणी हात लावत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "सांग की त्यांना."

त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की मला त्यांच्याकडे पाहवेना. मी काउंटरची कड घट्ट धरली. तोंडून निघालं ते मराठीत.

"अप्पा, मी वापरलाय तो."

दुकानात मराठी कळणारे आम्ही दोघेच होतो. बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होत्या. अप्पांनी मनात आणलं असतं तर कंपनीवर ढकलून मोकळे झाले असते, कोणाला काही कळलं नसतं. मला तेच हवं होतं, म्हणून तर मी मराठीत बोलले.

अप्पांनी चष्मा काढला. "तमिळमध्ये सांग," ते म्हणाले. "त्यांना कळलं पाहिजे."

मी सांगितलं. शाईवाले दोघे ऐकत होते. बाईंना राग येईल, त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चिठ्ठी परत डब्यात ठेवून डबा मिटला, आणि ते जास्त लागलं. अप्पांनी पैसे परत करायला काढले, पण बाईंनी हात मागे घेतला.

"पैसे नकोत, सार. मला खेळ हवाय. आमच्या घरी नेट धड चालत नाही, म्हणून तर डिस्क घ्यायला इथवर आले होते."

कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, की डबा ज्याच्याकडे आहे त्याने कोडची चिठ्ठी आणि डबा यांचा फोटो पाठवावा, आणि खातेदाराने, म्हणजे मी, आपण खेळ सोडत असल्याचं कळवावं; मग तोच कोड पुन्हा वापरता येईल का ते पाहू. अप्पा म्हणाले, "तू जा. मी येणार नाही."

रविवारी मी एकटीच पापनाशमला गेले. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, बोलल्या मात्र कामापुरतं. "अक्का, डबा थोडा डावीकडे धरा," एवढंच मी म्हणाले. फोटो नीट आला, आम्ही पाठवला. आता वाट पाहायची. कंपनी नाही म्हणाली तर? हा विचार परतीच्या बसमध्ये मला स्वस्थ बसू देईना.

चार दिवस अप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी दर तासाला माझं खातं उघडून पाहायचे. पाचव्या दिवशी खेळ माझ्या यादीतून गेलेला होता. संध्याकाळी बाईंचा फोन आला. "चालू झाला," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला.

अप्पा पलीकडे बसले होते. "त्यांचाच ना?"

"हो. चालू झाला म्हणाल्या."

"माफ केलं का म्हणून विचारलंस?"

"नाही. विचारू का?"

"नको," ते म्हणाले. "नाही म्हणायला त्यांना जड जाईल."

मग ते आत गेले. आमचं बोलणं हळूहळू सुरू झालं. पूर्वीसारखं व्हायला मात्र काही महिने गेले, पोंगल उजाडला.